वाघबोरी केंद्रावर कॉपी आढळली नाही

दहावीच्या परीक्षेत कॉपी होते, हे परीक्षा शुचिता कक्षाला कधीच मान्य नव्हते. ती थांबवलीच पाहिजे, यावर मात्र कक्ष ठाम होता. म्हणून लातुरात दर मार्चला भरारी पथके नेमली जात आणि ती जीपमधून भरारी घेत. त्या वर्षी मात्र लेखापरीक्षकांनी कक्षाचे एक कपाट उघडले आणि आत खोक्यांत झोपलेली दिशादर्शक यंत्रे त्यांना सापडली. कुठल्याशा पाहणीसाठी ती घेतली होती. खरेदी झाली होती, पाहणी राहून गेली होती. 'यंत्रे विनावापर का?' असा आक्षेप निघाला. कक्षाच्या मोठ्या साहेबांनी लगोलग परिपत्रक काढले, की यापुढे भरारी पथक यंत्राने दाखवलेल्या रस्त्यानेच जाईल, आणि यंत्रात ज्याची नोंद नाही तो दौरा झालाच नाही असे समजण्यात येईल.

वाघबोरी पथकाचे प्रमुख म्हणून विस्तार अधिकारी रेणुकादास कंधारकर यांची नेमणूक झाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या सरकारी हुकमाने त्यांना मनापासून आनंद झाला. त्यांची मुलगी मनस्विनी त्याच वर्षी दहावीला होती. लातुरात दहावीनंतर पोराला त्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला की ते डॉक्टर झाले असे धरतात. नाही मिळाला तर घरात सुतक धरतात. मनस्विनी धडा पाठ न करता समजून घ्यायची, म्हणजे लातूरच्या मानाने जरा मागासलेलीच. कॉपीच्या जोरावर नव्वदीपार गेलेली पोरे प्रवेशाच्या यादीत तिच्या डोक्यावर चढून बसणार, या विचाराने रेणुकादासांचा डोळा लागत नसे. त्यात वाघबोरी केंद्र तर सगळ्यांत बदनाम. ते एक केंद्र सरळ केले तरी पोरीची जागा निघेल, असे त्यांनी मनाशी धरले.

यंत्र दोन तुकड्यांचे होते. एक तळहातावर मावणारा पडदा आणि एक साबणाच्या वडीएवढी काळी डबी. डबीने आकाशातल्या उपग्रहांशी बोलायचे आणि जे कळेल ते पडद्याच्या कानात सांगायचे. दोघांच्या मधे तार नव्हती, नुसता विश्वास होता. कंपनीने प्रशिक्षणासाठी पुण्याहून अनिमेष नावाचा तरुण पाठवला.

"आधी डबी सुरू करायची, मग पडदा. पडदा डबीला शोधेल. अंक मागेल, तेव्हा चार शून्यं द्यायची. मग पोर्ट, म्हणजे जोडणीची वाट, निवडायचं आणि थांबायचं," तो म्हणाला.

"किती वेळ?" रेणुकादासांनी वहीतून मान वर केली.

"उपग्रह सापडेपर्यंत."

"आणि न सापडले तर?"

"पुन्हा पहिल्यापासून. फक्त एक सांभाळा, बॅटरी पूर्ण उतरली की यंत्र सगळं विसरतं. तारीखसुद्धा."

असे यंत्र सरकारी कामाला जन्मापासूनच लायक आहे, हे सर्वांनी मनोमन मान्य केले.

पहिल्या पेपराला सगळ्या जीपा कक्षाच्या अंगणात ओळीने उभ्या राहिल्या. सगळ्या डब्यांचे नाव एकच होते आणि सगळ्यांचा अंक चार शून्ये. त्यामुळे उदगीरचा पडदा निलंग्याच्या डबीशी जुळला, निलंग्याचा अहमदपूरच्या, आणि रेणुकादासांचा उदगीरच्या. उदगीरची जीप फाटकाकडे सरकली तसा रेणुकादासांच्या पडद्यावरचा बाण हलू लागला.

"सायेब, चाललो की आपन!" ड्रायव्हर भुजंग हरखून म्हणाला. "गाडी बंद हाय तरीबी चाललो. डिझेलची लई बचत व्हायलीय."

उदगीरची जीप फाटकाबाहेर पडली आणि जोडणी तुटली. मग सगळ्यांनी डब्या बंद केल्या, एकेकाने सुरू केल्या, चार शून्ये दिली, पोर्ट बदलले. वाघबोरीचा पडदा वाघबोरीच्या डबीला भेटला तेव्हा मराठीचा पेपर सुटून पोरे घरी जेवायला बसली होती. यंत्रात मात्र रेणुकादासांचा फाटकापर्यंतचा दौरा व्यवस्थित उमटला होता.

पुढच्या पेपराला जोडणी झाली, पण उपग्रह सापडेनात. डबीवरचा तांबडा दिवा नुसता लुकलुकत राहिला. रेणुकादासांनी पुण्याला फोन लावला.

"वर आकाश मोकळं आहे का?" अनिमेषने विचारले.

"लातुरात मार्चमध्ये आकाशाशिवाय असतं काय?"

"मग गाडीच्या काचांना काळी फिल्म असेल. त्यातून सिग्नल येत नाही."

फिल्म होतीच. पथक गुप्त राहावे म्हणून कक्षानेच गेल्या वर्षी ती लावली होती, जीपवर मोठ्या अक्षरांत 'भरारी पथक' लिहून घेतल्यानंतर. फिल्म काढायला वेगळा आदेश लागणार होता, त्याला परीक्षेपेक्षा जास्त वेळ लागला असता. शेवटी रेणुकादासांनी काच खाली केली आणि डबी तळहातावर घेऊन हात खिडकीबाहेर धरला, पिंडाला कावळा शिवायची वाट बघावी तसा. दिवा हिरवा झाला. पडद्यातल्या बाई इंग्रजीत बोलू लागल्या आणि जीप निघाली. औसा मागे पडला. हात भरून आला तरी रेणुकादासांनी तो आत घेतला नाही.

वाघबोरीच्या फाट्यावर बाईंनी डावीकडे वळायला सांगितले. भुजंगने गाडी थांबवली.

"सायेब, गाव उजवीकडं हाय."

"माहीत आहे," रेणुकादास म्हणाले.

माहीत कसे नसणार? डावीकडे जुनी वाघबोरी होती. भूकंपात ती सगळीच्या सगळी बसली, आणि त्या वेळी तरुण मास्तर असलेले रेणुकादास तिथे दगड उचलायला गेले होते. नंतर उजवीकडच्या माळावर नवी वाघबोरी उभी राहिली. रुंद रस्ते, एकासारखी एक घरे आणि देणगीतून बांधलेली शाळा. त्याला आता तेरा-चौदा वर्षे झाली होती. यंत्रातला नकाशा मात्र त्याआधीच्या मोजणीवरून काढला होता.

त्यांनी मोठ्या साहेबांना फोन लावला.

"यंत्र काय म्हणतं?" साहेबांनी विचारले.

"डावीकडे."

"मग अडचण काय आहे?"

"डावीकडे गाव नाही साहेब."

"कंधारकर, गाव कुठे आहे हे तुम्ही ठरवणार का?"

जीप डावीकडे वळली. बाभळी लागल्या, दगडांचे ढीग लागले, एका पडक्या घराची नुसती चौकट लागली, आणि तिथे बाईंनी आनंदाने जाहीर केले की आपण पोहोचलो. भुजंगने बाभळीखाली गाडी लावली आणि सीट मागे केली. रेणुकादास खाली उतरले. अहवालाच्या नमुन्यात 'स्थानिक ग्रामस्थाचा जबाब' असा रकाना होता, आणि तो कोरा ठेवता येत नव्हता.

ग्रामस्थ एकच होती. साखराबाई नावाची म्हातारी शेळ्या घेऊन एका ओट्यावर बसली होती.

"कोनाला हुडकायलास बाबा?" तिने विचारले.

"परीक्षा केंद्र, मावशी."

"हितं?"

रेणुकादासांना लाज वाटली, पण रकाना डोळ्यांपुढे होता. "इथं कॉपीबिपी चालते का?"

"हितं कोन कॉपी करील लेकरा? ह्यो माझाच वटा हाय. सून आन नातवं हितंच ऱ्हायली. दप्तर उशाला घिऊन निजली होती."

रेणुकादासांना पुढचे विचारवले नाही. संध्याकाळी कक्षात अहवाल गेला: 'केंद्रावर कमालीची शांतता. स्थानिक ग्रामस्थांनी कॉपीचा इन्कार केला.' मोठ्या साहेबांनी शेरा मारला: 'समाधानकारक.' मग प्रत्येक पेपराला तेच झाले. हात बाहेर, दिवा हिरवा, जीप डावीकडे, शांतता समाधानकारक.

बीजगणिताच्या दिवशी रेणुकादासांचा तोल सुटला. त्या दिवशी सकाळी मनस्विनी देवाला नमस्कार करून, न जेवता पेपराला गेली होती. फाट्यावर बाई डावीकडे म्हणाल्या आणि रेणुकादास म्हणाले, "उजवीकडे घे. व्हायचं ते होऊ दे."

नव्या वाघबोरीत जत्रा भरली होती. शाळेच्या खिडक्यांना शिड्या लावल्या होत्या आणि गडबड होऊ नये म्हणून शिड्यांवर वर्गांची नावे लिहिली होती. देवळाच्या भोंग्यावरून उत्तरे सांगणे चालू होते. आतून कोणी 'जरा सावकाश' अशी चिठ्ठी पाठवली, की भोंगा तेच समीकरण न कंटाळता पुन्हा सांगे. मुख्याध्यापक हात जोडून धावत आले.

"या साहेब, या! आम्ही रोज वाट बघतोय. तुमच्यासाठी केलेला उपमा रोज पर्यवेक्षकांनाच खावा लागतो!"

रेणुकादासांनी उपमा खाल्ला नाही. त्यांनी चिठ्ठ्यांनी पोते भरले, शिड्यांचे पंचनामे केले, भोंगा जप्त केला आणि सगळे जीपमध्ये घातले. परतीच्या वाटेवर त्यांना इतके हलके वाटत होते की हात खिडकीबाहेर धरल्याचेही भान नव्हते.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावले. टेबलावर यंत्रातून काढलेला नकाशा पसरला होता.

"काल पेपराच्या वेळेत तुम्ही केंद्रावर नव्हता. यंत्रानुसार तुम्ही एका शेतात होता."

"साहेब, ते शेत नाही. तिथं गाव बसवलंय. शाळेच्या उद्घाटनाला नारळ तुम्हीच फोडला होता."

"तेव्हा माझ्याकडे यंत्र नव्हतं," साहेब शांतपणे म्हणाले.

"मग नकाशा दुरुस्त करून घेऊ."

"जरूर. त्यासाठी पथकाने जागेवर जाऊन गाव असल्याचा दाखला द्यावा लागेल."

"मी आत्ता जातो."

"कसे जाल? यंत्र तिथे गाव दाखवत नाही. जिथे गाव नाही तिथे पथक पाठवायचं, म्हणजे सरकारी डिझेलची उधळपट्टी."

रेणुकादासांना नोटीस मिळाली: परीक्षा केंद्र सोडून खासगी शेतात सरकारी वाहन का घातले, याचा खुलासा करावा. पोत्यातल्या चिठ्ठ्यांची नोंद 'शेतात सापडलेला कागदी कचरा' अशी झाली. भोंगा देवस्थानाला सन्मानाने परत गेला. खुलासा लिहिताना नोकरी, घराचा हप्ता, धाकट्या आलोकची शाळा असे सगळे रेणुकादासांच्या डोळ्यांपुढून गेले, आणि 'रस्ता चुकलो, क्षमस्व' असे लिहून त्यांनी सही केली. उरलेल्या पेपरांना जीप गुमान डावीकडे वळली.

निकाल लागला. वाघबोरी केंद्राचा निकाल डोळे दिपवणारा होता आणि केंद्राविरुद्ध एकही तक्रार नव्हती. मोठ्या साहेबांच्या हस्ते त्याला 'आदर्श कॉपीमुक्त केंद्र' म्हणून मानपत्र मिळाले. मानपत्रात रेणुकादासांच्या अहवालांतली शांतता शब्दशः उतरली होती. मनस्विनीला चांगले मार्क पडले होते. पण प्रवेशाची यादी चांगल्या मार्कांची नव्हे, त्या एका कॉलेजाची होती, आणि तिचे नाव आले ते शेवटच्या नावाच्या खाली, प्रतीक्षेत. तिच्या वरची कितीतरी पोरे एकट्या वाघबोरीची होती.

"बाबा, तुम्ही तिथं रोज जात होतात ना?" तिने विचारले.

त्या रात्री रेणुकादास जेवले नाहीत. पोरीचे आपणच वाटोळे केले, तेही सही करून, हे त्यांना कळत होते, आणि घरात ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

मानपत्राचा फोटो वर्तमानपत्रात आला आणि वाघबोरीला भरती आली. लातुरातल्या क्लासवाल्यांनी तिथे निवासी शाखा काढल्या. भिंतींवर पाट्या लागल्या: 'शंभर टक्के कॉपीमुक्त वातावरणात शंभर टक्के निकाल.' नायगाव, बिलोली, पार हिमायतनगरहून पालक येऊ लागले. भूकंपानंतर मिळालेली ती एकसारखी घरे खोली-खोलीने भाड्याने गेली. साखराबाईच्या घरात आता बारा पोरे राहत आणि ती स्वतः शेळ्यांसोबत पडवीत.

"अहो, आलोकचं नाव वाघबोरीला कधी घालताय?" रेणुकादासांच्या पत्नी चंद्रप्रभाबाईंनी एका सकाळी चहा पुढे करत विचारले. आलोक आता दहावीला जाणार होता.

"तिथं कॉपी चालते," रेणुकादास हळूच म्हणाले.

"कोण म्हणतं? तुमच्याच सहीचे अहवाल आहेत. सगळं लातूर वाचतंय." मग त्या थोड्या थांबल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "आणि चालत असली तर बरंच आहे की. एका लेकराचं झालं तेवढं बास झालं."

आतल्या खोलीत मनस्विनीने पुस्तकाचे पान उलटल्याचा आवाज आला. रेणुकादासांनी चहा संपवला, आलोकचा दाखला खिशात घातला आणि सकाळच्याच बसने ते नव्या वाघबोरीला गेले.

शाळेसमोर रांग होती आणि ती देवळालाही वळसा घालून गेली होती. रांगेत मास्तर होते, डॉक्टर होते, कचेरीतले बाबू होते. कॉपीविरुद्ध अग्रलेख लिहिणारे संपादक होते आणि मोठ्या साहेबांच्या सौभाग्यवतीही होत्या. सगळी सज्जन माणसे. कोणी कोणाकडे बघत नव्हते, बघितलेच तर आपण दुसऱ्याच्या पोरासाठी आलो आहोत असे सांगत होते. रेणुकादास शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांच्या अगदी पुढे एकजण रुमालाने तोंड पुसत, शाळेच्या भिंतीकडे बघत उभे होते. रेणुकादासांनी त्यांना लगेच ओळखले. मीही ओळखले. ही गोष्ट वाचताना तुम्ही मघापासून इतके मोकळेपणाने हसत आहात की, रांगेतला तुमचा नंबर मी चारचौघांत सांगत नाही.