वगळायचे पुरुष

आमच्या उज्जैनच्या गल्लीत भाजीची गाडी आली, की मी आधी खिडकीतून बघते, समोरचे मुजुमदार सर फाटकाशी उभे आहेत का. असले, तर मी भाजी उशिरा घेते. कारण भाजीवाला सवयीनं विचारतो, "क्या दूँ, सरजी?" आणि सर म्हणतात, "प्रश्न अधूरा है. विकल्प दो." मग तो बिचारा गिलकी, भिंडी, लौकी, करेला अशी सगळी गाडी वाचून दाखवतो. सर शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "चारों विकल्प हरे हैं. कोई पाँचवाँ?" तोवर माझ्या कढईतून धूर निघायला लागलेला असतो.

सर गणिताचे मास्तर. पण त्यांची खरी हयात गेली बोर्डाचे पेपर काढण्यात. आपण पेपर काढतो हे कोणाला कळू द्यायचं नाही, असा तिथला नियम. ती गुप्तता त्यांच्या अंगात इतकी मुरली, की निवृत्त झाले तरी सुटली नाही. पिशवी घेऊन निघालेल्या सरांना "फ्रीगंजच्या बाजारात का?" असं विचारा, उत्तर एकच, "गोपनीय." काल जेवायला काय केलं होतं? "गोपनीय." झाकली मूठ सव्वा लाखाची, तसलं सगळं. त्यांच्या पत्नी शैलाताई होत्या, तोवर मागून ओरडून सांगायच्या, "अहो, दाढ काढायला चाललेत! त्यात काय लपवायचं मेलं?" दोन वर्षांपूर्वी शैलाताई गेल्या. मूलबाळ नव्हतंच. तेव्हापासून सर कुठे जातात आणि काय जेवतात, हे गल्लीत कोणालाच कळेनासं झालं.

तेराव्याला कॉलनीतल्या एका शहाण्यानं त्यांना विचारलं, "अब कैसा लग रहा है, सर?" सर म्हणाले, "यह प्रश्न पाठ्यक्रम के बाहर का है." बसलेली माणसं हसली. सरही जरासे हसले, म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं आणि जो तो आपापली चप्पल शोधायला लागला.

आता यात माझी लेक मुग्धा कशी आली, ते सांगते. ती डॉक्टर झाली, आणि पुढे मनाच्या आजारांचं शिकते आहे. शिक्षणाचा भाग म्हणून तिला एक अभ्यास करायचा होता. पुरुषांना नैराश्य येतं ते कशाकशामुळे, कोणाला त्याचा धोका जास्त, असा काहीसा विषय. मी म्हटलं, "त्यात अभ्यास कसला? बायकोला विचार, ती सांगेल." पण तसं चालत नाही म्हणे. आधी आराखडा करायचा, कोणाला विचारायचं आणि काय विचारायचं ते ठरवायचं, मग तो कॉलेजच्या समितीपुढे ठेवायचा, आणि त्यांनी मान डोलावली तरच पुढचं.

मुग्धानं प्रश्न लिहिले आणि पहिल्यांदा घरच्याच माणसावर चालवून पाहिले. आमचे हे पेपर वाचत होते. "बाबा, तुम्हाला उदास वाटतं का?" "नाही." "कशातच मन लागत नाही, असं होतं का?" "नाही." "रडू येतं का?" "छे!" आणि मग पेपर खाली न घेताच, "ती गॅसची गोळी कुठे आहे?" कॉलनीतल्या इतर पुरुषांची तऱ्हा आणखीच सोपी. काहीही विचारा, हात छातीशी आणि "सब महाकाल की कृपा है." मुग्धा वैतागून म्हणाली, "आई, या हिशोबानं तर उज्जैनमध्ये एकही पुरुष दुःखी नाही. मी थीसिस काय फोकट लिहू?"

तेव्हा मीच तिला म्हटलं, "प्रश्नच काढायचे आहेत ना? मग समोर आयुष्यभर प्रश्न काढलेला माणूस बसला आहे."

सर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. कितीतरी दिवसांनी मी त्यांना इस्त्रीत पाहिलं. मुग्धाचे प्रश्न त्यांनी वाचले आणि चष्मा काढला.

"बेटा, या पेपरात सगळे पैकीच्या पैकी घेणार."

"का, काका?"

"'उदास वाटतं का' असं तू सरळ विचारते आहेस. पुरुष 'नाही' म्हणणार आणि निकलून जाणार. याचा नैराश्याशी काही संबंध नाही असं त्याला वाटेल, असं काहीतरी विचार. चुपचाप."

मग रोज संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर पेपर काढणं सुरू झालं. सर डोळे मिटून बसत आणि एकदम एखादा प्रश्न सांगत. "घरी पोहोचल्यावर गाडी बंद करून तुम्ही गाडीवरच बसून राहता का?" किंवा "पोह्यांत शेव घालायची राहिली, तर तुमच्या लक्षात येतं का?" एकदा म्हणाले, "घरात आवाज यावा म्हणून कधी मिक्सर रिकामा चालवला आहे का?" यावर मुग्धा खळखळून हसली. मीही हसले. सर म्हणाले, "हसा, पण लिहून घ्या."

गाडीचा तो प्रश्न त्यांनी सांगितला, तेव्हा एक गंमत झाली. गंमत तरी कशी म्हणू! आमच्या यांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि म्हणाले, "मी बसतो. कधीकधी." इतकी वर्षं संसार केला मी या माणसाबरोबर. खाली गाडी थांबल्याचा आवाज मला रोज यायचा आणि वर यायला वेळ लागला, की मला वाटायचं, कोणाशी तरी गप्पा ठोकत असतील. सरांनी आपल्या बशीतली शेव यांच्याकडे सरकवली.

प्रश्न झाले. मग आली पुढची पायरी, म्हणजे हे प्रश्न विचारायचे कोणाला आणि वगळायचं कोणाला. इथे सरांचं काहीतरी बिनसलं.

"साठीच्या वरचे नकोत," सर म्हणाले.

मुग्धा म्हणाली, "बरं, तसं करता येईल."

"रिटायर्ड नकोत. विधुर तर बिलकुल नकोत. आणि एकटे राहणारे काढून टाक."

मुग्धानं पेन ठेवलं. "काका, असं कसं? धोका त्यांनाच तर जास्त असू शकतो. त्यांनाच काढलं तर मग मी शोधू काय?"

"त्यांचं उत्तर माहीत आहे. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे, त्याला परीक्षेला बसवून काय फायदा?"

"पण समिती हे घेणारच नाही! माझा आराखडा परत येईल, काका. मला सोमवारी द्यायचा आहे."

"मग दे तुझ्या मनानं," सर उठले. एवढ्या चढ्या आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "मला कशाला विचारते आहेस? फालतूमध्ये माझा वेळ!"

ते गेले. मी पोळ्या लाटता लाटता मनातल्या मनात गल्लीतली घरं मोजत होते. साठीच्या वरचे, रिटायर्ड, विधुर, एकटे. चारही चाळण्या लावल्या, तर आमच्या सगळ्या गल्लीतून एकच माणूस बाहेर पडत होता. माझी पोळी तव्यावर करपली. मुग्धाकडे पाहिलं, तर ती समोरच्या घराकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सर आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. भाजीवाला आला आणि फाटकाशी कोणी नाही हे पाहून माझ्याकडे वळला, "सरजी बाहर गए क्या?" मी आपली म्हटलं, पता नहीं. मला खरंच वाईट वाटत होतं. कोणा माणसाला आपल्या टेबलावर रोज बोलवायचं आणि मग त्याच्या घराची कडी आपण वाजवायची की नाही, याचा विचार करत बसायचं, हे काही बरोबर नाही. रविवारी दुपारी मी मुग्धाला म्हटलं, "चल."

सरांनी दार उघडलं. दाढी वाढलेली. घरात पंखा आणि बंद खिडक्या. शैलाताईंच्या वेळी जिकडेतिकडे रांगोळीचे डबे, लोणच्याच्या बरण्या आणि पसारा असायचा. आता सगळं जागच्या जागी होतं. बसायची एक खुर्ची सोडून बाकीच्यांवर धूळ होती.

"वहिनी, बसा," म्हणत त्यांनी एक खुर्ची आपल्या बनियनच्या टोकानं पुसली.

मुग्धा बसली नाही. "काका, आराखडा तयार झाला. वगळायच्या यादीतल्या तुमच्या चारही ओळी मी काढून टाकल्या."

सरांनी मान हलवली. "ठीक आहे. थीसिस तुझा आहे."

"एक विचारू? पेपर काढणाऱ्याला स्वतः परीक्षेला बसता येतं का?"

"नाही. कसं बसेल? प्रश्नच त्यानं काढलेले."

"मग तुम्ही तर पहिल्या दिवसापासून बाहेरच होतात, काका. प्रश्न तुम्ही काढलेत. मला तुम्हाला घेताच आलं नसतं. मग तुम्ही बाकीच्या सगळ्यांना कशासाठी बाहेर काढत होतात?"

सर उभेच होते. मोठ्या माणसाला बेरीज चुकल्यावर वाटतं, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं. "अरे," ते म्हणाले, "हे माझ्या ध्यानातच नाही आलं." आणि ते आपल्या खुर्चीत बसले.

मुग्धानं त्यांच्यासमोर धुळीची खुर्ची ओढली आणि तशीच तिच्यावर बसली. तिच्या हातात कागद नव्हता, पेन नव्हतं. माझी एवढीशी पोर, पण तेव्हा तिचा आवाज मला अनोळखी वाटला. "अभ्यास राहू दे तिकडे, काका. मी विचारते आहे. रात्री झोप लागते?"

मला वाटलं, आता येणार ते 'पाठ्यक्रम के बाहर'. पण सर म्हणाले, "पहाटे जाग येते. मग पडून राहतो. उठायचं कशासाठी, ते ठरत नाही."

"कधीपासून?"

"ही गेली तेव्हापासून. ती गेल्यापासून मला कोणी 'अहो' म्हटलेलं नाही, बेटा. सगळे 'सर' म्हणतात. सरला काय, सगळं येत असतं."

"उद्या माझ्याबरोबर ओपीडीत येता? माझ्या मॅडम आहेत, त्या बघतील. मी गाडीवर नेते तुम्हाला."

"येतो," सर म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "आत्ता जाऊ नकोस पण. थोडी बस."

मला तिथे उभं राहवेना. "चहा टाकते," असं म्हणून मी आत गेले. पातेल्यात पाणी घेतलं, साखर सापडली, पत्तीही सापडली. बाहेर सर बोलत होते. शैलाताईंच्या शेवटच्या दिवसांतलं काहीतरी, मधेच अडखळत, पुन्हा सुरू करत. माझ्या हातात लायटर होता. त्याचा खट् आवाज झाला तर ते थांबतील, अशी मला भीती वाटली. मी गॅस पेटवलाच नाही. पातेल्यातल्या गार पाण्यापुढे मी तशीच उभी राहिले.