पूरमापक पदावरचं वारूळ

तांबवडीच्या नदीचौकीत लाल मुंग्यांचं एक वारूळ नऊ वर्षं पूरमापक म्हणून नोकरीला होतं. मी तिथला कारकून, अच्युत हुलवळे. वारुळाची हजेरी, रजा आणि सेवापुस्तक माझ्याकडे असे.

काम साधं होतं. घाटाशेजारी नदीच्या पात्रात फूट-इंचांच्या खुणा असलेला खांब उभा आहे. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला मुंग्यांनी पाणी कुठवर आलंय ते बघायचं आणि चौकीच्या पांढऱ्या भिंतीवर आकड्याच्या आकारात उभं राहायचं. मी तो वहीत उतरवून घेतला की त्या पांगायच्या. हजेरीसाठी एकजण टेबलावर यायची, माझ्या करंगळीची कातडी जबड्यात धरायची आणि स्वतःभोवती फिरत सात-आठ ठिकाणी नांगी टोचायची. दुसऱ्या दिवशी तिथं पांढऱ्या फोडांचं कडं उठायचं. तो त्यांचा शिक्का. आग फार व्हायची, पण नऊ वर्षांत हजेरी एकदाही चुकली नाही.

नेमणूक राणीच्या नावावर होती. ती कधी बाहेर आली नाही. आत अंडी घालायची. तरुण मुंग्या अळ्यांना भरवायच्या आणि वय झालं की बाहेरच्या कामावर यायच्या. म्हणजे आमच्याकडे रुजू होणारी प्रत्येकजण म्हातारीच असायची. शाखा अभियंता रजनी ठोंबरे यांनी एकदा विचारलं, "हुलवळे, वारूळ तरुण का नाही पाठवत?" मी तोच प्रश्न भिंतीसमोर विचारला. मुंग्यांनी अक्षरांच्या आकारात उभं राहून उत्तर दिलं, "बाहेर जीव जातो. ज्यांचं थोडं उरलं आहे त्यांनी जावं." ठोंबरेबाईंनी तो विषय परत काढला नाही.

दोन वर्षांपूर्वी वारुळाने न विचारता लिहिलं होतं, "तीन दिवसांत पाणी चार फूट चढेल." मी ते वर कळवलं. पाणी बरोबर चार फूट चढलं. त्यावर वरून खुलासा मागवला गेला, कारण अंदाज वर्तवणं हे दुसऱ्या खात्याचं काम आहे. खुलासा मी दिला, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून वारुळाकडून लेखी हमी घेतली की यापुढे ते असलेलंच पाणी कळवेल, येणारं नाही. मसुदा माझा होता. त्या वेळी मला तो चांगला जमलाय असं वाटलं होतं.

यंदा जुलैच्या अखेरीस, कोरड्या, ऊन पडलेल्या दिवशी, भिंतीवर रजेचा अर्ज आला. "वारूळ उंचावर नेणे आहे. आठ दिवसांची रजा मिळावी."

मी म्हणालो, "पावसाळ्यात पूरमापकाला रजा नसते. कारण काय?"

मुंग्या बराच वेळ नुसत्या इकडेतिकडे फिरल्या. मग लिहिलं, "घरगुती."

"घरगुती कारण पुरेसं नाही."

त्या पांगल्या. दुसऱ्या दिवशी तोच अर्ज, तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच. तिसऱ्या खेपेला खाली एक ओळ जास्त होती. "हमीमुळे अधिक लिहिता येत नाही."

ही ओळ मी वाचली. वाचून अर्जावर 'नामंजूर' लिहिलं आणि जेवायला गेलो. मला कळलं नाही असं मी आज म्हणू शकलो असतो, पण ते खरं नाही. थोडंसं कळलं होतं. पण पुन्हा खुलासा लिहायचा कंटाळा आला होता.

पाचव्या दिवशी वरच्या खोऱ्यात पाऊस कोसळला. सकाळी आठला भिंतीवर १४ होतं. दहाला मुंग्यांनी वेळ नसताना १६ लिहिलं, अकराला १८. फोन बंद पडला होता, गावाकडच्या रस्त्यावरची मोरी पाण्याखाली गेली होती. बाराच्या सुमाराला वारुळात पाणी शिरलं. मी आणि ठोंबरेबाई शिडीने चौकीच्या गच्चीवर चढलो. मुंग्याही भिंतीवरून वर आल्या, अळ्या तोंडात धरून. राणीला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ती इतरांपेक्षा बरीच मोठी होती आणि तिला चालायची सवय नव्हती. चौघीपाचजणी तिला ढकलत होत्या.

दीड वाजता पाणी बावीस फुटांवर गेलं.

आमच्या भागात बावीस हा आकडा पोरासोरांनाही माहीत असतो. आमच्या खांबावर बावीस झालं की दीड तासात खाली वळणापलीकडच्या कोळीआळीत पाणी शिरतं. तिथं चौसष्ट घरं आहेत. ठोंबरेबाई गच्चीच्या कठड्यावर हात आपटत म्हणाल्या, "हुलवळे, कुणीतरी कळवायला हवं हो!"

"कसं कळवणार बाई? पोहत?"

कठड्यावर मुंग्या जमल्या. लिहिलं, "वाचन कळवणे हे आमचे काम." आणि त्या पाण्यात उतरल्या.

लाल मुंग्या पुरात बुडत नाहीत. एकमेकींचे पाय धरून त्यांचा वाटोळा तराफा होतो. अळ्या खाली, कारण त्या तरंगतात, राणी मधोमध. असा तराफा आठवडाभर टिकतो. आमच्या डोळ्यांसमोर तो झाला, परातीएवढा, आणि धारेला लागला. मी मनात म्हटलं, चला, निदान वाचल्या.

पण वळणाअलीकडच्या चिंचेच्या झाडापाशी तराफा हलू लागला. कडा आत आल्या, मधली जागा मोकळी झाली, आणि पाण्यावर एक २ झाला. त्याच्या शेजारी दुसरा.

वाटोळ्या तराफ्याला मध्य असतो. दोनाच्या आकड्याला नसतो. ठोंबरेबाईंनी मला विचारलं, "राणी कुठं ठेवली असेल त्यांनी?" लाल बावीस वळणाआड गेलं.

पुढचं मला कोळीआळीतल्या तानूबाईंनी सांगितलं. त्या शेळ्या सोडवत होत्या.

"मला वाचता येत न्हाई, सायेब. पर बावीस वळखते मी. शाळंच्या भिताडावर रंगवलंय न्हवं, तितलं. तसंच नदीतनं आलं, लाल. म्या वरडले, समदी आळी टेकावर पळाली. मागनं पानी आलं ते घरांच्या पत्र्यापर्यंत."

"सगळे वाचले?"

"मानसं समदी. दोन म्हशी ग्येल्या." मग त्या म्हणाल्या, "जरा वाकडं वाटत हुतं ते बावीस. आळी सरली तशी त्यातला एक दोनाचा आकडा फुटला."

तिसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर खालच्या एका बाभळीला चिकटलेल्या मुंग्या मला सापडल्या. चौकीत न्यायला डब्यात घालताना कोपरापर्यंत चावल्या. पूर्वी चावायच्या तशाच. राणी त्यांच्यात नव्हती. बाभळीच्या सालीत, गाळात, चिखलात मी संध्याकाळपर्यंत शोधलं.

ठोंबरेबाईंनी विचारलं, "राणीवाचून वारूळ किती दिवस चालतं?"

"दोन-अडीच महिने. पुढं अंडीच नाहीत."

"मग पद रिकामं होईल."

"होईल."

मी शेतातल्या एका वारुळातून काडेपेटीत दुसरी राणी आणली. मुंग्यांनी तिचा वास घेतला, एकदाही न चावता तिला उंबऱ्यापर्यंत नेऊन सोडलं आणि भिंतीवर लिहिलं, "आपली नाही."

काम मात्र सुरू राहिलं. सकाळी आठ, संध्याकाळी पाच. ऑगस्टअखेर आकडे बोटभर उंचीचे झाले, सप्टेंबरात नखाएवढे. वाचायला मी चष्मा बदलला. हजेरी नको म्हणून मी करंगळी मागे घेतली तर एकजण टेबलाच्या कडेला उभीच राहायची. मग मी बोट पुढे करायचो.

एका संध्याकाळी ठोंबरेबाई गेल्यावर मी भिंतीसमोर उभा राहून म्हणालो, "माझं चुकलं. तुम्ही सांगत होतात. मी ऐकलं नाही."

मुंग्या जमल्या. फार थोड्या होत्या, वेळ लागला. लिहिलं, "९."

त्या वेळी पाणी नऊ फुटांवर होतं. मी वहीत नऊ लिहिलं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिघी उरल्या. तिघींत आकडा होत नाही. त्या दिवशी सकाळी भिंत कोरी होती, म्हणून मी घाटावर गेलो. तिघीजणी खांबावर, पाण्याच्या रेषेला लागून, एका ओळीत उभ्या होत्या. मी पायऱ्या उतरलो, गुडघाभर पाण्यात शिरलो आणि त्यांच्या पायांशी असलेली खूण वाचली. सहा फूट, चार इंच. मोठ्यानेच वाचली. मी वाचून होईपर्यंत त्यांनी पाय हलवले नाहीत. पाणी थोडं थोडं उतरत होतं, आणि ते उतरेल तशा त्या खाली सरकत होत्या.