बैठकीचं माप

दंतोपंतांनी सायकल घ्यायचं ठरवलं, तेव्हा तो निर्णय अगदी किरकोळ वाटला होता. गुडघ्यांचे डॉक्टर म्हणाले, रोज चालत जा. दंतोपंतांना चालायचा मनापासून कंटाळा. ज्या माणसाला बसून राहायला आवडतं त्याने व्यायामही बसून करता येईल असाच शोधावा, यात खरं तर चूक काढण्यासारखं काही नाही. म्हणून सायकल आली आणि दिवाणखान्यात खिडकीपाशी उभी राहिली.

दंतोपंत हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते कवळ्या बनवत, म्हणून मित्रांनी ठेवलेलं नाव ते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप पाठवायचे आणि त्यावरून दंतोपंत घराच्या मागच्या खोलीत कवळी तयार करायचे. या खोलीला ते लॅब म्हणत आणि बायको पसारा म्हणे. काम मात्र सुबक होतं. कोणी तक्रार केलीच, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "कवळी अगदी बरोबर आहे. तोंडाला सवय नाही. आठ दिवस घाला." यावर बहुतेक लोक काही बोलत नसत (तोंड दुखत असल्यामुळेही असेल).

अपवाद एकच, सासरे. ते लेकीकडे राहायला आले तेव्हा जावयाने मोठ्या हौसेने त्यांना नवी कवळी करून दिली होती. ती ते शर्टाच्या खिशात ठेवत आणि घास कुस्करून खात.

"नुसती तोंडात असली की बरी असते हो, जावईबापू," ते म्हणत, "पण चावायला गेलं की टोचते."

"बाबा, कवळी अगदी बरोबर आहे."

"मग मला का टोचते?"

"तोंडाला सवय नाही. आठ दिवस घाला."

असे आठ दिवस सासऱ्यांनी बरेचदा घालून पाहिले होते. आता त्यांनी नाद सोडला होता.

सायकल घेतल्यावर पहिल्याच रविवारी मेव्हण्याने दंतोपंतांना आपल्या सायकलवाल्या टोळीबरोबर धरणावर नेलं. मेव्हणा म्हणजे काटक माणूस, अंगात हाडं आणि उत्साह यांपलीकडे फारसं काही नाही. जाताना सगळे गप्पा मारत गेले. येताना दंतोपंत गप्प होते आणि पायडलवर उभे होते. गावातून, बाजारातून, ओळखीच्या सगळ्या दुकानांसमोरून ते उभ्यानेच घरी आले. पुढचे दोन दिवस जेवलेही उभ्यानेच.

"दोष सीटचा आहे," त्यांनी ओट्यापाशी ताट हातात धरून जाहीर केलं.

मग सीट बदलण्याचं पर्व सुरू झालं. जेल भरलेली एक सीट आणली. ती दुकानात लोण्यासारखी मऊ लागली, पण अर्ध्या वाटेत तिच्यातलं जेल दोन्ही बाजूंना पळालं आणि मधे फक्त दंतोपंत उरले. मग मधे भोक असलेली आणली. तिच्यातून वारा छान यायचा, एवढंच. मग दोन जाड स्प्रिंगांची रुंद सीट आली. ती प्रत्येक खड्ड्याला अशी कण्हायची, की रस्त्यातली माणसं वळून दंतोपंतांकडे सहानुभूतीने बघायची. नको झालेल्या सीटा सोफ्यावर साठत गेल्या आणि माणसांना बसायला जागा उरेना.

शेवटी बायकोने तोंड उघडलं. "अहो, या रविवारी धरणावर जायचं आणि यायचं. बसून! बसून परत आलात तर सायकल घरात राहील. नाहीतर माझ्या भावाला देऊन टाकायची. मला माझा सोफा परत हवाय."

दंतोपंतांना ही गोष्ट फार लागली. सायकलचं एवढं नव्हतं, पण जन्मभर माणसांच्या तोंडात नेमकं बसेल असं काहीतरी बनवणाऱ्या कारागिराला स्वतःला बसता येऊ नये, आणि त्याची सायकल त्या हाडकुळ्या मेव्हण्याकडे जावी, ही नामुष्की होती. त्या विचारात असतानाच शनिवारी दुपारी, लॅबमध्ये समोरच्या फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे बघता बघता, त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. एकाची कवळी दुसऱ्याला बसत नाही. मग दुकानातली सीट बसेलच कशी? माप घ्यायला हवं!

बायको बाहेर गेली होती. सासरे आतल्या खोलीत झोपले होते. दंतोपंतांनी कपडे भिजवायचा टब लॅबमध्ये आणला, त्याला आतून सगळीकडे व्यवस्थित तेल लावलं (प्लास्टर चिकटू नये म्हणून, धंद्याचा पहिला नियम), प्लास्टरची आख्खी गोणी त्यात कालवली, सायकलची तंग चड्डी घातली आणि डोळे मिटून त्या गार लगद्यात बसले. पाय टबाबाहेर सरळ, हात मांडीवर. फार प्रसन्न वाटलं.

थोड्या वेळाने कोमट वाटायला लागलं, आणि मग गरम. प्लास्टर घट्ट होताना तापतं, हे दंतोपंतांना पोटापाण्याच्या धंद्यामुळे पक्कं ठाऊक होतं. फक्त आजवर ती माहिती त्यांच्यापर्यंत या मार्गाने पोहोचली नव्हती. ते घाईघाईने उठले. टब अलगद सुटला आणि गडगडत दारापर्यंत गेला. टबाला तेल लावलं होतं ना! चड्डीला लावायचं राहिलं होतं. त्यामुळे प्लास्टरचा तो पांढराशुभ्र ठोकळा दंतोपंतांबरोबरच उठला.

"बाबा!" ते ओरडले. "बाबा, लवकर या!"

सासरे डोळे चोळत आले. जावयाकडे समोरून बघितलं, मग शांतपणे मागे जाऊन बघितलं.

"दुखतंय का?"

"भाजतंय! निघत नाहीये. घट्ट बसलंय."

"घट्ट बसलंय म्हणजे चांगलंच की," सासरे म्हणाले. "माझी तर बसतच नाही."

"बाबा, ती वेळ आहे का आता? ओढा!"

सासऱ्यांनी ठोकळा धरून ओढला. दंतोपंत आणि ठोकळा दोघेही मागे आले. नेमकी तेव्हाच दाराची बेल वाजली, आणि सासऱ्यांनी (मदत मिळेल या भाबड्या आशेने) जाऊन दार उघडलं. दारात बायको होती आणि तिच्यामागे, उद्या किती वाजता निघायचं ते विचारायला आलेला मेव्हणा.

बायकोने पिशवी खाली ठेवली, आतून कापडाची मोठी कात्री आणली आणि भावाला तोंड फिरवून उभं राहायला सांगितलं.

"अहो, हलू नका."

"जपून हं. काय कापतेस ते बघून काप."

"सगळंच दिसतंय मला," ती म्हणाली आणि चड्डी कापून तिने नवऱ्याला मोकळं केलं. अंगाला लाली सोडता काही इजा झाली नव्हती. मेव्हणा भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे बराच वेळ हलत होते.

पण माप काय सुरेख आलं होतं! दंतोपंत लुंगी गुंडाळून लगेच कामाला लागले. साच्यातली चड्डी सोलून काढली, कडा तासल्या आणि लॅबमधलं होतं नव्हतं ते सगळं ॲक्रिलिक वापरून सीट बनवली. ॲक्रिलिक अर्थात कवळीचंच, म्हणजे गुलाबी. हिरडीच्या रंगाची ती सीट त्यांनी घासून, पॉलिश करून अशी चमकवली की तिच्यात तोंड दिसावं. सायकलवर बसवून, भिंतीला टेकून ते तिच्यावर बसले आणि त्यांचे डोळे भरून आले. आपण कशावर तरी बसलो आहोत हेच जाणवत नव्हतं. आयुष्यात इतकं नेमकं काम आपल्या हातून झालं नाही, असं त्यांना वाटलं, आणि ते खरंही होतं.

रविवारी सकाळी सगळी टोळी फाटकापाशी जमली. मेव्हण्याने सीटभोवती एक चक्कर मारली.

"भाऊजी, दात कधी बसवणार?"

ज्याचं त्याला कळेल, अशा चेहऱ्याने दंतोपंतांनी टांग मारली. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत उतार आहे. पायडल न मारता ते राजासारखे खाली गेले. कोपऱ्यावर चढ सुरू झाला आणि त्यांनी पहिलं पायडल मारलं.

माप घेताना दंतोपंत पाय सरळ ठेवून स्वस्थ बसले होते. सीट त्या स्वस्थ बसलेल्या माणसाची होती. पायडल मारताना एक मांडी वर जाते आणि एक खाली येते, ही गोष्ट सीटला मान्य नव्हती. उजवा पाय खाली गेला की उजवी कड रुतायची, डावा गेला की डावी. आणि कडा कशा, तर पॉलिश केलेल्या, पक्क्या, जन्मात झिजणार नाहीत अशा. तरी ते दात आवळून पुढे गेले. वाटेत एक देऊळ, एक पेट्रोल पंप आणि एक लांबलचक चढ लागला. त्या चढावर त्यांनी मेव्हण्याला सांगितलं की तुम्ही व्हा पुढे, मी जरा हवा बघतो.

टोळी धरणावरून परतली तेव्हा दंतोपंत घराच्या वाटेवरच होते. चालत! सायकल शेजारी धरून, पाय जरा फाकवून. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम अखेर त्या दिवशी झाला.

फाटकात बायको उभी होती. सासरे पायरीवर पेपर वाचत बसले होते. मेव्हणा मागोमाग येऊन पोहोचला आणि काही न विचारता त्याने पाना काढला. गुलाबी सीट सोडवून त्याने ती अदबीने भाऊजींच्या हातात दिली, आणि सायकल घेऊन तो फाटकाबाहेर पडला. बायको सोफा झटकायला आत गेली.

दंतोपंत सीट पोटाशी धरून उभे राहिले. बसण्याचा प्रश्न नव्हता.

"सीट वाईट नव्हती हो, बाबा," ते शेवटी म्हणाले. "नुसतं बसलं की बरं वाटायचं. पण पाय हलवायला गेलं की टोचायची."

सासऱ्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. खिशात हात घालून कवळी काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून तोंडात नीट बसवली. कितीतरी दिवसांनी त्यांचे शब्द अगदी स्पष्ट उमटले.

"जावईबापू, सीट अगदी बरोबर आहे. तुम्हाला सवय नाही. आठ दिवस बसा."

एवढं बोलून त्यांनी कवळी काढली, खिशात ठेवली आणि पुन्हा पेपर उघडला.