श्रीमंतांची करंगळी आणि बरणीतला सर्प

श्रीगजाननास, आणि लगोलग त्याचे उंदरास, नमन करून ऐकिलें तैसें लिहितों. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, श्रावण मास. ते समयीं विद्येचे एका राज्यांत प्राणिशास्त्राचा सुभा होता आणि सुभ्यांत एक लांबट दालन होतें. त्यांत भुसा भरलेला वाघ, गव्याचीं शिंगें, फुलपाखरांचे खण, आणि बरण्यांतून सर्प, बेडूक, सरडे मिळोन चार हजार प्रजा नांदत होती. तिजवर इंदुमतीबाई खरवंडीकर बावीस वर्षें अंमल करीत होत्या. प्रजा निमूट, कोणाचा रजेचा अर्ज नाहीं. कसर आणि वाळवी हेच काय ते शत्रु.

राज्याचे गादीवर श्रीमंत कुलगुरू यादवेंद्रराव घारपुरे विराजमान होते. त्यांचे मनीं आलें कीं मेलेलीं जनावरें काय कामाचीं, तेथें थंडगार सभागृह करावें. आणि हुकूम सुटला कीं महिन्याभरांत दालन मोकळें करणें. बाईंनीं अर्ज केले, विनवण्या केल्या, उत्तर आलें नाहीं. तों वद्य षष्ठीस श्रीमंतांनीं कचेरींतील कपाटांत, सत्काराचे शालींचे ढिगांत, हात घातला आणि आंतील सर्पानें करंगळीस चावा घेतला. श्रीमंत "आई गं!" म्हणोन खुर्चीवर चढले, आणि शिपायांनीं धांवोन सर्पास फायलींखालीं ठार केलें. काळ्या अंगावर पांढरे पट्टे पाहोन कोणी ओरडिलें, "मण्यार!" मग श्रीमंतांचे हातपाय गार पडिले.

इंदुमतीबाईंस बोलाविलें. त्या मण्यारीची बरणी कवटाळोन आल्या आणि दोन्ही सर्प शेजारीं ठेवोन बोलिल्या, "साहेब, घाबरू नका. मण्यारीच्या पाठीवर मधोमध मोठ्या खवल्यांची रांग असते, इथं ती नाही. हा कवड्या, बिनविषारी. तरीही दवाखान्यात जाच." वैद्यांनीं एक रात्र ठेवोन, धनुर्वाताची सुई टोंचोन घरीं धाडिलें.

मग भेटीस माणसें आलीं, हार आले, आणि श्रीमंत सांगूं लागले कीं मण्यारच होती, परंतु रोजचा प्राणायाम कामीं आला. वीतभर सर्प आठवड्यांत तीन हात वाढला. पुढें त्यांनीं बाईंस पाचारिलें. "तो साप दालनात मांडा, बाई. पाटी लिहा, मण्यार, अतिजहाल. एवढं झाल्यावर दालन हलवणं आम्हालाही शोभणार नाही."

बाई दोन दिवस कोरी पाटी पुढें घेऊन बसल्या. एक शब्द लिहितां चार हजार प्रजा वांचत होती. परंतु ही पाटी वाचून शिकलेला उद्यां खरी मण्यार ओळखील कसा, आणि एक नोंद खोटी म्हटल्यावर बाकीच्या कोण खऱ्या मानील, ऐसें मनांत येऊन त्यांनीं लेखणी उचलिली.

पाटी उघडण्याचे समारंभाचे दिवशीं श्रीमंतांनीं पडद्याची दोरी ओढिली आणि संवयीनें मोठ्यानें वाचिलें, "कवड्या. बिनविषारी. मिळाल्याचे ठिकाण..." आवाज तेथेंच बसला. प्राध्यापक छताकडे पाहूं लागले.

"बाई, हे काय?"

"साहेब, जे आहे ते."

तों श्रीमंतांच्या पत्नी सुलोचनाबाई पुढें आल्या. "म्हणजे विष नव्हतंच? अहो, पंधरा दिवस झाले, तुम्ही झोपलात की मी तुमच्या नाकाशी हात धरून बसते. डोळ्याला डोळा नाही माझा!" आणि पदरानें डोळे पुसतां पुसतां त्यांस हंसूं फुटलें. तें पाहोन सभाही हंसली. श्रीमंत लालेलाल जाहले, मग पत्नीचे डोळ्यांखालचीं काळीं वर्तुळें पाहोन हलकेच म्हणाले, "तुला तरी खरं सांगायला हवं होतं." आणि बाईंस म्हणाले, "पाटी राहू द्या."

"आणि दालन, साहेब?" बाईंनीं तेथेंच विचारिलें.

"तेही राहू द्या. माझी करंगळी पाटीवर लिहिली नाहीत, एवढी मेहेरबानी केलीत."

सारांश, सभागृह सायकली ठेवण्याचे जागीं जाहलें, दालन जागचे जागीं राहिलें, आणि श्रीमंत शालींस काठीनें ढोसल्यावांचून हात लावीनासे जाहले. जाहलें वर्तमान हें इतकें. यांत कांहीं अधिक-उणें असल्यास इंदुमतीबाईंनीं तांबड्या शाईनें दुरुस्त करावें. लिहिणाराचा राग नाहीं.