तंबूचं उरलेलं कापड

यशोधरा कॉलेजसाठी पुण्याला गेली आणि आष्टीच्या घरात मी आणि दीपमाला दोघंच उरलो. भांडण काही नव्हतं, बोलणं तेवढं संपलं होतं. ती शाळेतून यायची, मी कचेरीतून यायचो. मग टीव्ही बोलायचा आणि आम्ही ऐकायचो. यावर उपाय म्हणून मी मोबाइलवरून एक तंबू मागवला. (लोक बायकोला साडी घेतात. मी तंबू घेतला. बोलणं का संपलं असेल, ते यावरूनच कळावं.)

"हे कशापायी?" दीपमालानं विचारलं.

"एक रात्र निसर्गात राहू."

"निसर्ग म्हंजी कुठं?"

"शिवशंकरच्या शेतात."

शिवशंकर तिचा धाकटा भाऊ. कडा गावाजवळ त्याची शेती आहे.

"माहेरी जायला तंबू कशाला लागतो?" ती म्हणाली. पण आली.

शिवशंकरनं घरातच झोपायचा आग्रह केला. तो मोडून मी ओढ्यापलीकडच्या बांधाजवळ तंबू ठोकला. सगळं जमलं, फक्त एक मोठं कापड उरलं. ते मी सतरंजीसारखं तंबूच्या खाली अंथरलं.

आत आडवं होऊन दीपमाला वर बघत म्हणाली, "छताला नुसती जाळी हाय ओ."

"चांदण्या दिसाव्यात म्हणून."

तिला पटलं असावं. मला तर पटलंच होतं.

मध्यरात्री पाऊस आला आणि चांदण्यांच्या वाटेनंच थेट आत आला. खालून मात्र एक थेंब शिरला नाही. माझी सतरंजी अस्सल वॉटरप्रूफ होती. ते कापड कुठं घालायचं असतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. बाहेर पाहिलं, तर आमच्या मोटरसायकलचं चाक काळ्या चिखलात रुतलेलं आणि ओढ्याला पाणी आलेलं. शेवटी ते कापड ओढून काढलं, पण अंधारात तंबूवर बांधायला जमेना, म्हणून डोक्यावर धरून दोघं बसलो. चारी हात वर. एकानं हात सोडला की दुसरा भिजणार. पाऊस इतका वाजत होता, की बोलायचं तर ओरडूनच.

ती ओरडली, "मी पुण्याला जायचं म्हणतेय. बिनपगारी रजा काढून. यशूजवळ ऱ्हाते."

"आन् मी?"

"तुमाला कळंल तरी का, मी घरात न्हाई म्हणून?"

"पहिल्याच दिवशी कळंल."

"कशावरून?"

'चहावरून' हा शब्द अगदी ओठावर आला होता. मी गिळला. (आयुष्यात वेळेवर गिळलेला हा माझा पहिला शब्द.) ती म्हणाली, "मी रोज तिची खोली झाडते. कचराच निघत न्हाई."

हे मला माहीत नव्हतं. एकाच घरात राहून माहीत नव्हतं.

"मी रोज भाजी आणायला जातो ना," मी ओरडलो, "तेव्हा पुण्याची गाडी येईपर्यंत स्टँडवर थांबतो."

"ती तर दिवाळीला येणार हाय."

"माहीत हाय. तरी सगळे उतरेपर्यंत बघतो."

तिनं कापड थोडं माझ्या बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "म्हणून भाजी रोज सुकलेली असती व्हय."

ती हसत होती की रडत होती, ते पावसात कळलं नाही. मग आम्ही यशूच्या लहानपणापासून सुरुवात केली. हात भरून आले, घसा बसला, पण दोघांपैकी कुणी थांबेना. उजाडता उजाडता पाऊस थांबला तेव्हा ती म्हणाली, "दिवाळीपतोर बघू. मग दोघंबी जाऊन येऊ तिकडं."

ओढा उतरल्यावर शिवशंकर चहाची किटली घेऊन आला.

"रात्री तुमाला न्यायला निघालतो, दाजी," तो म्हणाला. "ओढ्यापतोर आलतो. पर इकडून दोघांचा लई आवाज येत व्हता. म्हटलं, जोरात जुंपलीय, आपण कशाला मधी पडा. तसाच माघारी गेलो."

"भांडत नव्हतो रे. बोलत होतो."

शिवशंकरनं किटली खाली ठेवली, मला नीट निरखून पाहिलं आणि बहिणीला हळूच विचारलं, "अक्का, दाजींना ताप भरला का काय?"