घरून दोन रिंग

शनिवारी अर्ध्या दिवसाने कचेरी सुटली तेव्हा मिस्डकॉलराव रेकॉर्ड रूममध्ये जुन्या फायलींच्या टाचण्या काढत बसले होते. टाचण्या पुन्हा वापरता येतात. वाऱ्याने दार आपटलं. त्यांनी उठून ते ओढलं, तर दार जागचं हललं नाही, सुतळी मात्र हातात आली. आतली मूठ कधीच निखळली होती. नवी मूठ कशाला, सुतळी बांधू, ही कल्पना त्यांचीच होती आणि त्याबद्दल साहेबांनी चारचौघांत त्यांची पाठ थोपटली होती. सुट्टीच्या दिवशी पहारेकरी कशाला, कुलूप पुरे, ही सूचनाही त्यांचीच. आता सोमवारपर्यंत इमारतीत चिटपाखरू येणार नव्हतं.

त्यांना दमा होता, आणि खोलीत धूळ होती. डॉक्टरांनी दोन फवारे सांगितले असताना ते एकावर भागवत. तसा पुरवून पुरवून वापरलेला पंप आता नुसताच फुसफुसला.

मिस्डकॉलराव हे नाव कचेरीने दिलेलं. फोनवर बोलायला पैसे पडतात, रिंग द्यायला पडत नाहीत, हा शोध त्यांना लागला आणि घरात बोलणं बंद झालं. सगळं रिंगवर चाले. त्यांची एक रिंग म्हणजे पोचलो. तीन म्हणजे सोबत पाहुणा आहे, चार म्हणजे उशीर होईल, जेवून घ्या. घरून दोन रिंग गेल्या की येताना दूध आणायचं. फोन उचलायचा मात्र कोणीच नाही. एकदा मुलीने चुकून उचलला, तर आठवडाभर तिला तेच ऐकावं लागलं.

त्यांनी आधी हेडक्लार्कला एक रिंग दिली आणि त्याच्या फोनची वाट पाहिली. हेडक्लार्कने नाव पाहिलं आणि फोन पालथा घातला. मिस्डकॉलरावांच्या रिंगला उत्तर देऊन पैसे घालवायचे नाहीत, असं कचेरीत सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. फुकटचा आणीबाणीचा नंबर होता, पण ते लोक दार तोडतात. मोडतोडीची भरपाई पगारातून कापायचा नियम होता, आणि तो कोणी सुचवला होता हे सांगायला नको. फोनमध्ये पैसे उरले होते ते जेमतेम दोन वाक्यांपुरते. ते घरच्यांसाठी राखून त्यांनी घरी फोन लावला.

पण सवय वाईट. पहिली रिंग गेली आणि अंगठ्याने आपणहून फोन कापला.

"पोचले," घरी बायको म्हणाली. "कुठे पोचले पण? घरी तर आले नाहीत."

"कुणाकडे तरी गेले असतील," मुलगी म्हणाली.

पुढच्या खेपेला त्यांनी जिवाच्या कराराने अंगठा आवरला. तो तिसऱ्या रिंगला निसटला. बायको लगबगीने उठली. या घरात पाहुणा येऊन वर्ष लोटलं होतं. तिने दोन भाज्या चिरायला घेतल्या, ठेवणीतला मैदा काढला. तेवढ्यात पुन्हा तीन रिंग आल्या, म्हणजे पाहुणे दोन. तिने कढईत तेल वाढवलं आणि वर गोडाचंही करायला घेतलं. अंधार पडता पडता चार रिंग आल्या. जेवून घ्या.

मग सासू, सून आणि नात जेवायला बसल्या. फार दिवसांनी त्या पोटभर आणि हसतखेळत जेवल्या. पाहुणे असावेत तर असे, येऊ येऊ म्हणणारे आणि न येणारे, असं मुलगी म्हणाली, आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलं. पाहुण्यांचा वाटा कधी संपला ते कळलंही नाही.

तिकडे मिस्डकॉलरावांचा श्वास शीळ घालू लागला होता. त्यांनी फोन जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबले. घरचा फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजू लागला.

"उचलू का?" मुलीने विचारलं.

"नको. खिशात बटण दाबलं गेलं असेल. उगाच पैसे जातील त्यांचे." असं म्हणाली खरी, पण बायको हात धुवायचे सोडून फोनसमोर बसून राहिली.

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "लहानपणी असाच रडायचा. थांबायचाच नाही. शेवटी उचलूनच घ्यावं लागायचं." आणि त्यांनी फोन उचलला.

"कोणी उचलला?" पलीकडून मिस्डकॉलराव खेकसले.

"मी रे, आई."

"कशाला उचललास? पैसे पडतात ना..." मग खोकल्याची उबळ आली. "रेकॉर्ड रूम. अडकलोय. किल्ली हेडक्लार्ककडे..." आणि पैसे संपले.

मुलगी धावत हेडक्लार्कच्या घरी गेली. दार उघडलं तेव्हा वडील फायलींच्या ढिगाला टेकून बसले होते. ओठ निळे पडले होते आणि मुठीत टाचण्यांची डबी होती. दवाखान्यात वाफ दिली. श्वास जरा ठिकाणावर येताच, वाफेचे वेगळे पैसे का, असं त्यांनी विचारलं. घरी आले तर जेवण उरलेलं नव्हतं. बायकोने भात टाकला.

रविवारी त्यांनी पडल्या पडल्या नियमांत दुरुस्ती केली. पाच रिंग म्हणजे जिवावर बेतलंय, तेव्हा उचलायचा.

"आणि आमच्या जिवावर बेतलं तर?" बायकोने विचारलं.

त्यांनी खरोखर विचार केला. "घरून दोन म्हणजे दूध, तेवढं पुरे. घरात काय व्हायचंय?"

सोमवारी सकाळी एक रिंग आली. पोचले. सासूबाईंचा डोळा लागला होता, मुलगी बाहेर गेली होती. बायकोने फोन हातात घेतला. त्यातले पैसे तसेच होते, कधी वापरायची वेळच आली नव्हती. तिला सांगायचं होतं की शनिवारी आम्ही इथे गोडाचा घास घेत होतो आणि तुम्ही तिथे घुसमटत होता, हे मनातून जात नाही. मी घाबरले होते. दोन वाक्यांचं काम. तिने आयुष्यात पहिल्यांदा बोलायला म्हणून नवऱ्याला फोन लावला. एक रिंग गेली. दुसरी गेली. आणि अंगठ्याने आपणहून फोन कापला.

संध्याकाळी मिस्डकॉलराव दुधाची पिशवी घेऊन घरी आले.

"कालच तर आलं होतं. जरा जपून वापरा," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली, आणि पिशवी घेतली. कालचं दूध तसंच होतं. तिने दोन पातेली शेजारी शेजारी ठेवली, गॅस पेटवला आणि उतू जाऊ नये म्हणून तिथेच उभी राहिली.