काचेवरची सही

कशेळीच्या हिरामणशेठना गर्व कशाचा, तर सहीचा! गोदामासाठी जमीन दिली तेव्हा साऱ्या भावकीने कागदावर अंगठे उठवले. शेठनी मात्र लफ्फेदार सही ठोकली, तिची शेपटी पार कागदाबाहेर! त्या दिवशी फुगलेली छाती पुन्हा काही खाली बसली नाही.

२००९ साली लेक करिष्मा टोकियोत बाळंत झाली. नातू बघायला शेठ आणि जानकीबाई विमानात बसले.

"तू काय बी बोलू नको. बाहेरचा कारभार मला ठावा हाय," शेठनी बायकोला बजावलं.

टोकियोच्या विमानतळावर साहेबाने पासपोर्ट यंत्रात घातला, अदबीने मान लववली आणि समोरच्या छोट्या यंत्राच्या काचेकडे हात केला. पुढचा माणूस त्याच काचेवर बोटं दाबून गेलेला शेठनी पाहिला होता. त्यांचं डोकंच सणकलं!

"अंगठा? आणि मी? पासपोर्टावर सही हाय माजी, दिसत न्हाय?"

साहेबाला ओ की ठो कळलं नाही. त्याने पुन्हा मान लववली. शेठना वाटलं, माफी मागतोय बिचारा! मोठ्या मनाने त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि थेट काचेवर सही केली. शेपटीसकट!

यंत्र किंचाळायला लागलं. दोन शिपाई धावत आले. मागच्या रांगेतला एक भला माणूस कळवळून म्हणाला, "चाचा, ये क्या किया? वापस भेज देंगे!"

"हम अंगूठाछाप न्हाय!"

"अंगूठा मांगा किसने? दोनों हाथ की पहली उंगली रखनी है. सबको! मैं डॉक्टर हूँ, मुझे भी!"

सगळी रांग बघत होती. शेठचे कान तापले. परत पाठवलं तर लेकीला काय तोंड दाखवायचं? त्यांनी गुपचूप रुमाल काढला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपल्या हाताने आपली सही पुसली. शेपटी तर थुंकी लावून घासावी लागली. मग दोन्ही बोटं टेकवली, शाळेत छडी खायला हात पुढे करावा तशी.

आता फोटो. साहेब कॅमेऱ्याकडे बोट दाखवून दाखवून दमला, पण शेठची नजर बुटांवरून हलेना. शेजारच्या खिडकीतून जानकीबाई केव्हाच पार झाल्या होत्या. शेवटी त्याच पलीकडून ओरडल्या,

"अवं, मान वर करा! लाज घरी जाऊन वाटून घ्या, नातू वाट बघतोय!"